आखाजीच्या लग्नातली तुपाची बरणी

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन दोनच दिवस झाले होते, २०२५ ची २ मे, सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं न केलं तोच फोन. "भाऊ, कुत्रीना डोकामा बरनी अडकेल शे, दोन दिन व्हयनात, कोन्हा हातमा येत नही." एवढं बोलून पलीकडचा माणूस दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला लागला, मग मागून बायकांचा आवाज, मग फोन कट. गावाचं नाव विचारायला मलाच परत फोन लावावा लागला.

अमळनेरला माझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटंसं दुकान आहे आणि बरीच वर्षं आम्ही चार-पाच पोरं रस्त्यावरच्या कुत्र्यांचं बघतो. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. एक व्हॉट्सॲप ग्रुप, एक पिंजरा, व्हॉलीबॉलची एक जुनी नेट आणि ज्याच्या खिशात त्या दिवशी जे असेल ते. लोकांना वाटतं आम्हाला सरकारचा पगार आहे. एकदा एकाने रात्री एक वाजता फोन करून सुनावलं होतं, की तुमची कुत्री भुंकताय, झोप येत नाही, येऊन घेऊन जा!

तर बरणी. बरणीचे कॉल आम्हाला लग्नसराईत येतातच. आखाजीचा मुहूर्त म्हणजे आमच्याकडे गावोगाव मांडव, आणि खान्देशातलं जेवण म्हणजे वरण-बट्टी, बट्टीवर तूप, मग तुपाच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या बरण्या रिकाम्या होऊन मांडवामागे उकिरड्यावर पडतात, झाकण कुठे, बरणी कुठे. वासाने कुत्रं तोंड घालतं, डोकं आत जातं, पण बाहेर येताना कान अडतात. बरणी फेकताना पायाने चेपून टाकली असती तर बात संपली होती, अर्धा सेकंदाचं काम.

मी, भज्यांची गाडी लावणारा माझा मित्र आणि त्याचा भाचा, तिघं निघालो. बोरीच्या काठाने रस्ता, नदी कोरडी ठक्क. साडेनऊलाच गाडीच्या टाकीला हात लागत नव्हता. मला एकच टेन्शन होतं, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकणं हाच त्याचा कूलर, आणि इथे तर तोच डब्यात बंद. पाणी नाही ते वेगळंच.

शेतात पोचलो तर बारा-पंधरा माणसं आधीच मागे लागलेली, पोरं काठ्या घेऊन, आणि ती बिचारी पिवळट रंगाची कुत्री वावरातून इकडून तिकडे पळून राहिली, ठिबकच्या नळ्यांना अडखळून पडते, उठते, परत पळते. मी आधी सगळ्यांना ओरडून थांबवलं. उन्हात असं पळवलं तर आम्ही पकडायच्या आतच मरेल. आणि दुसरं म्हणजे विहीर. कठडा नसलेली, पन्नास-एक फूट खोल, वावराच्या मधोमध, आणि हिला समोरचं धड दिसत नाही. दोन मोठी माणसं विहिरीच्या तोंडाशी उभी केली आणि मगच नेट काढली.

पकडायला पाऊण तास गेला. ते काय फार सांगण्यासारखं नाही, शेवटी ती थकून मोटारीच्या खोलीमागे सावलीला बसली आणि आम्ही दोन्ही बाजूंनी नेट टाकली.

जवळून पाहिलं तेव्हा पोटात कालवलं. बरणीच्या तळाला राहिलेलं तूप उन्हाने पातळ होऊन तिच्या डोळ्यांत, नाकाशी, सगळ्या केसांवर पसरलेलं. ती श्वास सोडायची तशी बरणी आतून धुकट व्हायची, आत घेतला की जराशी साफ, त्यात एक डोळा दिसायचा, परत धुकट. मानेला जिथे बरणीचं तोंड रुतलं होतं तिथे केस जाऊन लाल पट्टा पडलेला. लोक म्हणे ओढा. ओढायची नसते, ओढलं की मानेची कातडी गोळा होऊन अजून घट्ट बसते. दुकानातून मी वायर कापायचा कटर, पक्कड आणि मोठी कात्री आणली होती, पहिले तळाला भोक पाडून मोठं केलं, की हवा तरी जाऊ दे. त्या भोकातून जो वाफेचा भपकारा आला ना, तुपाचा आणि आंबूस, तो माझ्या नाकातून अजून गेला नाही.

मग उभी चीर घेत घेत तोंडापर्यंत. तोंडाची कड जाड असते, ती कात्रीने कापत नाही. कटरने चावत चावत शेवटचा तुकडा तुटला आणि त्याच सेकंदाला, ज्या हाताने मित्राने तिचं डोकं धरलं होतं त्याच हातावर दात. तिची काही चूक नाही, दोन दिवसांनी तोंड मोकळं झालं आणि समोर पहिलं काय दिसलं तर हात.

मित्राला तसंच मोटारीच्या पाण्याखाली बसवलं, साबण लावून घड्याळ लावून पंधरा मिनिटं. तिथल्या एका काकांनी हळद आणि मिरचीची पूड आणली, मी म्हटलं काका ती भाजीत टाका. रेबीजमध्ये हे धुणंच अर्धं काम आहे, आणि उरलेलं अर्धं इंजेक्शन. रक्त आलं होतं म्हणून दुपारी सरकारी दवाखान्यात जखमेत सिरम आणि लशीचं कार्ड मिळालं, दिवस ०, ३, ७, २८. मी आधीच तीन डोस घेऊन ठेवलेले आहेत, मला चावलं असतं तर दोनवर भागलं असतं. त्याला वर्षभर सांगत होतो, तू पण घेऊन ठेव. तर उत्तर ठरलेलं, भज्यांमधून टाईम कुठे मिळतो.

आता कुत्री. थर्मामीटर लावला तर १०४.८. नॉर्मल साधारण १०१ ते १०२.५. बर्फ नाही लावायचा, साधं पाणी पाय, पोट आणि मांड्यांच्या मधे, आणि पंख्यासारखा पुठ्ठा. पाणी एकदम पाजायचं नाही, वाटीने थोडं थोडं. १०३.५ ला आली तसं पाणी ओतणं थांबवलं, नाहीतर तेच अंग नंतर थंड पडत जातं. आणि पोटावर पाणी टाकताना भाच्याचं लक्ष गेलं. "मामा, हिला दूध आहे."

खरंच होतं. सड भरलेले, दोन तर दगडासारखे. म्हणजे पिलं कुठेतरी आहेत. डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला, तसे ते गायी-म्हशींचे, पण आमचं ऐकतात. ते म्हणे सलाईन लागेल, घेऊन या. मी पट्टा घातला, पिंजरा उघडला, आणि तिथे एक म्हातारी आजी बसली होती, इतका वेळ एक शब्द नाही, ती म्हणाली, "सोड तिले माय. ती बराबर जाई." मी म्हटलं आजी, सोडली तर परत हातात येणार नाही. पण नेली तर पिलं कुठे शोधणार? पंधरा एकराचं वावर, नाले, बांध.

शेतमालकाला विचारलं तर त्याला काही माहीत नाही. आणि इथे आखाजी परत आडवी आली. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला संपतं, नवा सालदार परवाच लागलेला, त्याला तर स्वतःची खाट कुठे टाकायची तेही ठरलेलं नव्हतं. जुना होता तोच हिला भाकर टाकायचा. त्याला फोन लावला, तो पारोळ्याच्या बाजूला दुसऱ्या शेतावर. त्याने पहिलं विचारलं, तिने काय खाल्लं. मग म्हणे पिलं पऱ्हाट्यांच्या गंजीत, पण गंज्या तीन आहेत, ती जागा बदलत राहते. "लोकेसले हटाडा तठून. कोनी पाही ऱ्हायनं ते ती जात नही."

पट्टा काढला. मला मनातून पटत नव्हतं हे खरं सांगतो. सगळ्या पंधरा माणसांना मोटारीच्या खोलीत आणि शेडमध्ये कोंबलं, दार लोटलं, फटीतून बघायला मी एकटा. आत एवढी माणसं, पत्र्याचं छप्पर, घामाच्या धारा. ती बाभळीखाली बसून राहिली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. एकदा उठली, पाण्याच्या वाटीकडे गेली, परत बसली. कोणाचा तरी फोन वाजला आणि सगळ्यांनी त्याला अशा शिव्या दिल्या, कुजबुजत. पाऊण तासाने ती उठली, मागे पाहिलं, आणि बांधाच्या कडेच्या गंजीत, तिसऱ्या, सगळ्यात लांबच्या, घुसली.

पऱ्हाट्या म्हणजे कपाशी उपटल्यावरच्या काड्या. कृषी खातं दरवर्षी सांगतं की बांधावर साठवू नका, त्यातून बोंडअळी पुढच्या हंगामात येते, पण चुलीला जळण म्हणून लोक ठेवतातच. त्या दिवशी मी कृषी खात्याच्या विरुद्ध होतो. एकेक काडी काढत, सापाची भीती होतीच, आत हात घातला. सहा पिलं, डोळे अजून बंद. एक थंड पडलेलं.

पाच जिवंत होती, पण पोटं टम्म. पहिले वाटलं दूध भरपूर मिळालं असेल. मग डोक्यात आलं, या वयाच्या पिलांना स्वतःहून लघवी-संडास नीट होत नाही, आई चाटते तेव्हा होते. आणि आईचं तोंड दोन दिवस बरणीत. ती येऊन दूध पाजत असणार, पण चाटता येत नव्हतं. शेजारच्या मावशीने जुनी मऊ साडी फाडून दिली, कोमट पाण्यात बोळा बुडवून मी आणि भाच्याने एकेकाला मागून हळूहळू पुसलं, अंगठ्याएवढ्या जागेवर. पहिल्याने माझ्या पँटवर केलं तेव्हा खोलीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, शप्पथ. मग ती स्वतःच आली, माझ्या हातातलं पिलू नाकाने ढकललं आणि चाटायला लागली. आता पट्टा घातला तरी हलली नाही. पिलं पिंजऱ्यात ठेवली तशी मागोमाग आत.

डॉक्टरांकडे सलाईन झालं, आणि मग सगळं लटांबर आमच्या घरी जिन्याखाली. आईने पहिले दोन दिवस तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी दुकानातून आलो तर बाहेरच्या खोलीतला कूलर जिन्याकडे तोंड करून लावलेला आणि आई-बाबा पंख्यात. मी काही विचारलं नाही. कुत्रीचं नाव पोरांनी बरणी ठेवलं.

जूनमध्ये एक पिलू पार्व्होने, कुत्र्यांच्या एका विषाणूच्या आजाराने, गेलं, लशीच्या आधीच. नुसत्या फिनाईलवर त्या विषाणूचा भरवसा नसतो म्हणून मी जिना ब्लीचच्या पाण्याने दोनदा धुवून काढला, बाकीची तीन-चार दिवस नजरेखाली, कशीतरी वाचली. उरलेल्या चारात दोन नर, ते आठ दिवसांत गेले. माद्या कोणी घेत नाही. फोनवर पहिला प्रश्नच "नर आहे का", आणि मी मादी म्हटलं की "विचारून सांगतो". आजपर्यंत एकानेही विचारून सांगितलेलं नाही.

जुलैच्या शेवटी बरणीचं दूध आटल्यावर नसबंदी केली, कानाला छोटी खाच, रेबीजची लस. हे काम खरं तर स्थानिक स्वराज्य संस्थेचं, २०२३ च्या एबीसी, म्हणजे कुत्र्यांच्या नसबंदीच्या, नियमांत तसं लिहिलंय. एका ऑफिसात अर्ज दिला, आवकचा शिक्का मिळाला, बाकी काही नाही, वर्गणी काढली. आणि ऑगस्टमध्ये तिला परत त्याच शेतावर सोडायचं तर गावात दोघं-तिघं आडवे, कोर्टाने कुत्री उचलायला सांगितलंय, टीव्हीवर दाखवलं. सुप्रीम कोर्टाची ती ११ ऑगस्टची ऑर्डर दिल्ली आणि आसपासची होती, २२ तारखेला तीन न्यायाधीशांनी तीही बदलली, नसबंदी-लस झालेली कुत्री त्याच भागात परत सोडा, रेबीज झालेली किंवा आक्रमक वगळून. मी मोबाईलवर बातमी दाखवली. त्यांनी वाचली नाही, पण शेतमालक मधे पडला, म्हणे माझं वावर, माझी कुत्री. मे मध्ये त्याला ती माहीतही नव्हती!

दोन माद्या घरीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानासमोर एक मोटारसायकल थांबली. जुना सालदार, पारोळ्याकडून आलेला. बरणीला बघून आला होता म्हणे, तिने ओळखलं. मग म्हणाला एक पिलू द्या. मी सवयीने सांगून टाकलं, मादी आहे बरं का. तो हसला. "मादी शे ते काय व्हयनं? मना वावरमा राही ती."

मी पुठ्ठ्याचा बॉक्स काढला, भोकं पाडायला लागलो. त्याने नको म्हटलं, गळ्यातला रुमाल काढून शर्टाच्या आत झोळी केली, पिलाचं तोंड बटणांच्या मधून बाहेर. लशीचं कार्ड दिलं, पुढची तारीख वाचून दाखवली, त्याने ती माझ्याकडून दोनदा वदवून घेतली आणि किक मारली.