तीन मिलिमीटरचा माणूस

"छान आहे, पण माणूस कुठाय?" पहिली फ्रेम पाठवल्यावर संपादकांचा निरोप आला, आणि तो रास्तच होता.

भलामोठा चौक आणि त्यात एकच माणूस, असं चित्र हवं होतं. तिसऱ्या मजल्याच्या सज्जात, जमिनीपासून साधारण 10 मीटरवर ट्रायपॉड लावला होता. फुल फ्रेम कॅमेरा (प्रकाश टिपणारा सेन्सर 24 मिमी उंच), 24 मेगापिक्सेल, 35 मिमीची लेन्स. या जोडीत 60 मीटरवरचा 1.7 मीटर उंचीचा माणूस सेन्सरवर जेमतेम 1 मिमी उमटतो. 4000 पिक्सेल उंचीच्या फ्रेममध्ये सुमारे 165 पिक्सेल. फोटो 9 सेंमी उंच छापला जाणार होता, म्हणजे माणूस पावणेचार मिलिमीटरचा. तेवढा पुरतो. पण राखाडी शर्ट, राखाडी फरशी आणि ऊन अजून इमारतींच्या आड. फोनवर तो फरशीत विरघळूनच गेला.

अशा वेळी 70 मिमी लावायचा मोह होतो. माणूस दुप्पट होतो, पण चौकाची रुंदी निम्मी होते आणि ज्यासाठी आलो तेच हातचं जातं. लेन्स बदलली नाही, उन्हाची वाट पाहिली. सूर्य बाजूला, क्षितिजापासून 15 अंशांवर असताना माणसाची सावली उंचीच्या पावणेचार पट, म्हणजे सव्वासहा मीटर पडते. (हात ताणून धरलेली मूठ साधारण 10 अंश, दीड मूठ मोजली की झालं.) सूर्य समोर किंवा पाठीमागे असला तर हीच सावली आपल्या नजरेच्या रेषेत पडते आणि आखूड दिसते.

तोवर फोकस बसवून घेतला. एफ 8 ला (लेन्सचं छिद्र मध्यम उघडं) हायपरफोकल अंतर, म्हणजे जिथे फोकस ठेवला की त्याच्या निम्म्या अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट मानतात ते, 5 मीटर येतं, असं पाठ असतं. पण त्या गणितात 0.03 मिमीचा धूसरपणा गृहीत धरलेला असतो, म्हणजे या सेन्सरवर 5 पिक्सेल. इमारतीला ते चालतं. जेमतेम दीडशे पिक्सेलच्या माणसाचे हातपाय त्यात पुसट होतात. ऑटोफोकसही भरवशाचा नाही, मध्येच उडालेलं कबूतर पकडतो. म्हणून 80 मीटरवरच्या फरशीच्या एका सांध्यावर हाताने फोकस केला आणि रिंगवर चिकटपट्टी मारली. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 400, शटर 1/500 सेकंद. 1/60 ला माणसाचं धड स्थिर दिसतं, पण पुढे येणारं पाऊल फराटा ओढतं.

80 मीटरच का, तर उंचावरून पाहताना डोक्यामागे काय येतं ते महत्त्वाचं. 10 मीटर उंचीवरून तिथल्या माणसाचं डोकं त्याच्या मागच्या 16 मीटरवरच्या जमिनीवर टेकलेलं दिसतं. तेवढी फरशी मागे मोकळी हवी. खाली चौकात उभं राहून टिपलं असतं तर डोकं थेट पाट्या आणि खांबांत अडकलं असतं.

ऊन आलं. फिकट फरशीने फ्रेम भरली की कॅमेरा ती काळवंडून टाकतो, म्हणून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, वाढवला. पहिला आला चाकांची बॅग ओढत. बॅगेची आणि पायांची सावली एक होऊन नुसता गोळा. दुसरी बाई नेमकी सांध्यावर वाकून बुटाची नाडी बांधू लागली, तोही गोळाच. मग गडद कपड्यातला एक माणूस रिकाम्या हातांनी तिरका गेला. बर्स्टमधल्या (एका दमात सलग टिपलेल्या) अकरा फ्रेमपैकी दोनांतच पाय पूर्ण फाकलेले आणि कोपर धडापासून सुटलेलं. बाकीच्यांत तो खांबासारखा.

हा माणूस 124 पिक्सेलचा, म्हणजे आधीच्यापेक्षा लहान. छपाईत 2.8 मिमी. तरी फोनवर पहिल्या नजरेत दिसला. पानाची मांडणी करणाऱ्यांनी वरची इमारतींची पट्टी कापू का, असं विचारलं. नको म्हटलं, ती गेली की माणूस मोठा दिसायला लागतो.