बूम टेकला तरी पिन ठोकायची नाही

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्कीचं काम झालं की क्रॉलर क्रेन, म्हणजे रणगाड्यासारख्या साखळ्यांवर चालणारी क्रेन, पुढच्या जागेवर न्यायची असते. वाट सपाट असेल तर ती चालत जाते. मध्ये नाला, विजेच्या तारा किंवा कोंडाईबारीसारखा घाट आला की सुटी करून ट्रेलरवर घालावी लागते. उभारताना साइटवर सगळे सावध असतात, इंजिनिअर हजर असतो. सोडताना मात्र ट्रेलरवाला हॉर्न वाजवत असतो आणि जो तो घण उचलतो.

बूम म्हणजे क्रेनचा लांब हात. जाळीच्या बूमला चार कोपऱ्यांत चार मुख्य नळ्या असतात. दोन तुकडे चार पिनांनी जोडलेले असतात, दोन वर आणि दोन खाली. यातल्या कुठल्या पिनेवर ओढ आहे हे बूम कशावर तोललाय यावर ठरतं. तो जमिनीला टेकलाय की नाही, एवढ्यावरून काही कळत नाही.

बूमचं टोक जमिनीवर, बूड मशीनवर आणि मधला भाग अधांतरी असेल तर बूम पोटात झोळतो आणि खालच्या पिना ताणात असतात. खालची पिन काढली की सांधा उघडतो आणि बूम मध्येच दुमडून खाली बसतो. सगळ्यात जास्त फसवणारी स्थिती हीच, कारण लांबून पाहणाऱ्याला बूम आडवा झालेला दिसतो. पेंडंट, म्हणजे बूमला वरून धरून ठेवणारे दोर, ताणलेले असतील तर ते जिथे बांधलेत तिथपासून मशीनपर्यंतच्या एकाही पिनेला हात लावायचा नाही, वरच्या नाही आणि खालच्याही नाही. पेंडंटची स्वतःची पिनही नाही. आणि पेंडंट मागच्या तुकड्याला बांधून पुढचा भाग नुसता बाहेर निघालेला असेल तर तो वरच्या पिनांवर लटकलेला असतो. त्या आधी काढल्या तर पुढचा भाग खालच्या पिनांवर फिरून आपटतो.

म्हणून आधी प्रत्येक तुकड्याखाली आधार, मग पेंडंट ढिले, मग पिना. नेमका क्रम त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. तो पाहायचा, मागच्या क्रेनला कसं केलं होतं ते आठवत बसायचं नाही. कितीही आधार दिलेला असला तरी पिन काढताना बूमखाली माणूस नको. पायसुद्धा नको.

आधारासाठी लाकडी स्लीपर. एकावर एक आडवे-उभे रचायचे आणि मुख्य नळ्यांच्या खाली, जिथे तिरप्या नळ्या येऊन मिळतात त्या सांध्यापाशी ठेवायचे. बारीक तिरप्या नळीखाली ठेवला तर ती चेपते. बांधावरचा दगड किंवा वीट लावण्याचा मोह इथे फार होतो. वीट फुटते, दगड घसरतो. पठारावर मुरूम असतो म्हणून बरं, पण खाली तापीकडच्या काळ्या जमिनीत पाऊस झाला की रचलेली थप्पी एका बाजूने खचते. तिथे खाली रुंद लोखंडी प्लेट टाका.

आता पिन. आधी लॉक क्लिप काढायची. मग पिनेच्या सरळ रेषेतून सगळ्यांना बाजूला करायचं, कारण सुटलेली पिन पलीकडे गोळीसारखी जाते. जाळीच्या आत शिरून ठोकू नये. कडक पोलादावर कडक घण मारला की कपचा उडतात, म्हणून मध्ये पितळी ठोकणी धरायची आणि डोळ्यांना गॉगल लावायचा. ठोकणी लांब दांड्याची असेल तर हात वाचतो. चार-सहा घावांत पिन हलली नाही तर बहुधा तिच्यावर भार आहे. मोठा घण आणायचा नाही, गॅसने तापवायचीही नाही. आधार पुन्हा बघायचा, एखादी फळी वर-खाली करायची. भार उतरला की पिन बहुतेक वेळा सहज सरकते. गंजून धरली असेल तर हायड्रॉलिक पुलर लावावा.

पिनेवर माणूस असताना ऑपरेटरने लिव्हरला हात लावायचा नाही, इंजिन बंद. इशारा एकानेच द्यायचा. रिगर (भार बांधणारा) बिहारचा, हेल्पर अहिराणी बोलणारा, ऑपरेटर तिसरीकडचा, अशी टोळी असते. 'आरिया' म्हणजे खाली, 'हाबीस' म्हणजे वर, हे सकाळीच सगळ्यांकडून वदवून घ्यावं. 'थांब' मात्र कुणीही ओरडलं तरी थांबायचंच.

तुकडे उचलायला बहुधा हायड्रा, म्हणजे टायरवर चालणारी छोटी क्रेन, येते. ती भार घेऊन चालते हीच तिची सोय आणि हाच तिचा धोका, कारण वळताना तिची क्षमता कमी होते आणि ड्रायव्हरला भारापलीकडचं दिसत नाही. तुकडा झुलू नये म्हणून त्याला टॅग दोरी बांधून ती धरणारा माणूस बाजूने चालवा, पुढून कधीच नाही. दोन टनांच्या तुकड्याला हुकापासून दोन पट्टे जमिनीशी साठ अंशात लावले तर प्रत्येकावर साधारण १.१५ टन येतात; तीस अंशात पसरले तर प्रत्येकी पूर्ण २ टन. पट्टा आखूड पडला की भार असा वाढतो. पट्टे मुख्य नळ्यांना घालायचे, बारीक नळीला नाही.

काउंटरवेटचा, म्हणजे मशीनच्या मागे तोलासाठी लावलेल्या वजनाचा, क्रम वेगळा विचार मागतो. लांब बूम खाली घेताना ते पूर्ण हवं, नाहीतर मशीन पुढे उलटेल. बूम निघाल्यावर तेच वजन मशीनला मागे ओढतं. त्या अवस्थेत वरचा भाग फिरवायचा की नाही, आणि किती वजन ठेवून, हे मॅन्युअलमधला तक्ता सांगतो.

वेळ सकाळची घ्या. एप्रिल-मेमध्ये खानदेशात पारा ४३-४४ च्या वर जातो, दुपारी लोखंडाला हात लागत नाही, आणि पठारावर दिवस चढेल तसा वाराही चढतो. बूम खाली घेताना वाऱ्याची मर्यादा मॅन्युअलचीच धरायची आणि वारा टोकावरच्या मीटरवर मोजायचा. जमिनीवर पदर हलत नसला तरी वर वेगळं असू शकतं.

पिना निघाल्या की त्याच तुकड्याच्या भोकात परत घालून क्लिप लावायची, म्हणजे हरवत नाहीत. ट्रेलरवर चढवण्याआधी प्रत्येक नळीवरून हात फिरवा. चेपलेली, वाकलेली दिसली तर तुकड्यावर रंगाने खूण करून तो वेगळा काढा. साइटवरच्या वेल्डरकडून मुख्य नळी जोडून घ्यायची नाही. ती जास्त ताकदीच्या पोलादाची असते आणि साध्या वेल्डिंगच्या उष्णतेने तिची ताकद जाते.