तुम्ही विचारलेत म्हणून: न धावण्याच्या महिन्यांविषयी

दुखापतीमुळे अनेक महिने धावणे बंद होते तेव्हा दिवस कसे काढलेत, हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. विचारणारे बहुधा स्वतःच लांब पल्ल्याचे धावपटू असतात, सध्या घरी बसलेले असतात आणि त्यांना माझ्याकडून धीर धरण्याविषयी काही ऐकायचे असते. धीराविषयी माझ्याजवळ सांगण्यासारखे फारसे नाही. मला उपयोग झाला तो शरीरात त्या काळात काय चालले आहे हे समजून घेण्याचा, म्हणून उत्तरही त्याच वाटेने देते.

माझी दुखापत होती मांडीचे हाड खुब्याशी जिथे अरुंद होते तिथे, म्हणजे त्याच्या मानेला, पडलेली चीर. याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पावलागणिक येणाऱ्या ताणाने हाडाची सूक्ष्म झीज होत असते आणि शरीर ती भरूनही काढत असते. झीज भरपाईपेक्षा वेगाने होऊ लागली की चीर पडते. दुखते मात्र जांघेत, त्यामुळे स्नायू आखडला असेल असे समजून पुष्कळ जण धावत राहतात, आणि साध्या एक्स-रेमध्ये ती सुरुवातीला बहुधा दिसत नसल्याने एमआरआय करावा लागतो. चीर मानेच्या खालच्या, दाबाच्या बाजूला असेल तर कुबड्या घेऊन, पायावर भार न देता ती भरून येऊ शकते. वरच्या, ताणाच्या बाजूला असेल तर हाड सरकण्याचा धोका असतो आणि बहुतेक वेळा स्क्रू बसवावे लागतात. माझी खालच्या बाजूला होती. म्हणजे उपचार असा काही नव्हताच, होती ती फक्त मनाई.

मनाईच्या पहिल्या आठवड्यांत सगळ्यांना एकच भीती असते, की वर्षानुवर्षे कमावलेला दम आता गेला. तो जातो हे खरे आहे. एडवर्ड कॉईल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चांगल्या तयारीच्या खेळाडूंनी सराव पूर्ण थांबवला, तेव्हा प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के आणि पुढे सुमारे १६ टक्क्यांपर्यंत घसरली. नंतर मात्र ती तिथेच स्थिरावली. सुरुवातीची घसरण मुख्यतः रक्तातील द्रवाचे प्रमाण कमी झाल्याने आणि हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलू लागल्याने होते. स्नायूंमधील केशवाहिन्यांचे जाळे त्या खेळाडूंमध्ये जवळजवळ जसेच्या तसे टिकले होते. हे वाचल्यावर मी रोज सकाळी नाडी मोजून हळहळणे बंद केले, कारण जे पटकन जाते ते परतही बऱ्यापैकी पटकन येते.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी पाण्यात धावू लागले. कमरेला तरंगता पट्टा बांधून, पाय तळाला न टेकवता, धावण्याचीच हालचाल करायची. हे काम अत्यंत कंटाळवाणे आहे आणि ते आवडते असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पाण्यात नाडी जमिनीवरच्यापेक्षा कमी भरते, म्हणून घड्याळाकडे न पाहता श्वासावरून जोर ठरवावा लागतो. हृदयाची तयारी त्याने टिकते. पाय कुठे टेकत नसल्याने हाडाला मजबूत करणारा ताण मात्र त्यातून मिळत नाही, आणि पुढची सारी अडचण इथेच उगवते.

याच काळात मला कोणी ना कोणी अमेरिकन धावपटू जोन बेनॉइटची गोष्ट सांगत असे. १९८४ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या १७ दिवसांनी तिने अमेरिकेची ऑलिंपिक निवड मॅरेथॉन जिंकली आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसला स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. गोष्ट थक्क करणारी आहे, पण तिच्या गुडघ्यातला अडथळा कापून काढता येण्यासारखा होता. हाड भरून येण्याचा काळ कोणाला कापता येत नाही.

एक गोष्ट कमी विचारली जाते, म्हणून आपणहून सांगते. धावणे बंद झाले की वजन वाढेल या धास्तीने जेवण कमी केले जाते. हाड बांधायलाही ऊर्जा लागते, आणि खाणे सतत अपुरे पडले तर हाडे कमकुवत होतात, स्त्रियांची पाळी अनियमित होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेची सविस्तर मांडणी केली आणि पुरुषही तिच्यातून सुटत नाहीत हे स्पष्ट केले. मी पोटभर जेवले.

खरा कठीण काळ धावण्याची परवानगी मिळाल्यानंतरचा. पाण्यातल्या सरावामुळे दम शाबूत असतो, पाय पळायला उतावीळ असतात आणि हाड मात्र मागे असते. नव्या ताणाला उत्तर देताना शरीर आधी काही आठवडे जुने हाड पोखरते आणि त्या जागी नवे हाड भरायला काही महिने घेते, त्यामुळे मधल्या काळात ते तात्पुरते अधिक कच्चे असते. म्हणून आधी वेदनेशिवाय भरभर चालणे, मग एक मिनिट धावणे आणि एक मिनिट चालणे, तेही एक दिवस सोडून. श्वास लागण्याआधीच घरी परतायचे, यासारखा अपमान नाही. जांघेत किंचितही दुखले तर थांबायचे, त्यात तडजोड नाही. टाचेमागच्या अकिलीस टेंडनचे, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीसारख्या पट्ट्याचे, दुखणे असेल तर नियम निराळा असतो: थोडे दुखत असतानाही व्यायाम चालू ठेवता येतो, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते दुखणे निवळायला हवे. एकाचा नियम दुसऱ्याला लावणारे धावपटू मला वारंवार भेटतात, तेव्हा मला प्रश्न विचाराल त्या वेळी तुमचे दुखणे हाडाचे आहे की टेंडनचे, हे तपासून घेऊन आधी सांगा.