दीड तास, एकच काता

आज कराटेच्या वर्गात सेन्सेईंनी (म्हणजे आमच्या सरांनी) नवीन काहीच शिकवलं नाही. दीड तास फक्त हेइआन शोदान ही एकच काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम), पांढऱ्या पट्ट्यापासून तपकिरीपर्यंत सगळ्यांना! पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मला मात्र बरं वाटलं. (कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, असती तर गुडघ्याने राजीनामाच दिला असता, ते वेगळं.)

यातली पहिली हालचाल म्हणजे डावीकडे वळून गेदान बराई, आलेली लाथ खाली झटकून टाकायची. हेइआनच्या पाचही काता बचावानेच सुरू होतात. 'कराटेत पहिला वार नसतो' हे आधुनिक कराटेचे जनक गिचिन फुनाकोशींच्या वीस सूत्रांपैकी एक. भिंतीवर सुविचार म्हणून लावून मोकळं व्हावं असं हे वाक्य नाही, शरीराकडून रोज घोटून घ्यायचं आहे.

आज मूठ कानापाशी नेऊन खाली आणता आणता कधीतरी समोरचा काल्पनिक शत्रूच नाहीसा झाला. ना राग, ना पट्ट्याची ईर्ष्या. नुसता श्वास आणि तळव्याखालची गार फरशी.

शेवटी मोकुसोला (ध्यानाला) बसलो. डोळे मिटलेले, हॉल चिडीचूप. तेवढ्यात सेन्सेईंचा आवाज, "घड्याळ बंद आहे रे, डोळा मीट!"

गुरुवारी परत हेइआन शोदानच, हे नक्की.