कणकुंबीकडचं दगडफूल: नमुना घ्यावा कसा

मसाल्यातलं दगडफूल म्हणजे शैवाकच: बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या रानात ते शोधायला पावसाळा सरल्यावर निघावं. भीमगड अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय तुकडाही उचलायचा नाही.

पानासारखं शैवाक कोरडं असताना ओढलं की चुरा होतो. आधी पाणी फवारा, मऊ पडलं की सालीच्या पातळ पापुद्र्यासकट सुरीने सोडवा. दगडावरच्या खपलीला छिन्नी-हातोडी लागते, डोळ्यांना चष्मा. कड आणि बशीसारखी फळं, दोन्ही तुकड्यात यायला हवीत. बाकीचं झाडावरच राहू द्या. ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं.

प्लास्टिकची पिशवी नकोच, ओल कोंडून बुरशी धरते. कागदी पाकीट घ्या, सावलीत वाळवा. जागेवरच पेन्सिलीने लिहा: गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाची जात, तारीख. नुसतं ‘खानापूरजवळ, झाडावर’ लिहिलं तर नमुना वाया गेला म्हणायचा.

जात ओळखायला घरी 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब वरच्या सालीवर आणि ब्लेडने खरवडलेल्या पांढऱ्या गरावर वेगवेगळा टाका. गर पिवळा होऊन लाल झाला तर सॅलाझिनिक आम्लाची (काही शैवाकांत असणारं रसायन) शक्यता धरा. द्रावण ताजं हवं. हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून त्याचा जोर उतरतो.