नवतपा आणि आमची कमळं

नागपुरात नर्सरीवाल्याला एप्रिल-मे कसेबसे काढावे लागतात. पारा ४५ अंशांवर गेला की हिरव्या जाळीखालीसुद्धा गुलाब करपतो, गिऱ्हाईक फिरकत नाही आणि पाण्याचा खर्च काही थांबत नाही. घरामागच्या सांदवाडीत शेवंती, झेंडू आणि गुलाबाची कलमं विकत आम्ही दोघा नवरा-बायकोने सुरुवात केली. हिवाळ्यात कमवायचं आणि उन्हाळ्यात घालवायचं, अशी बरीच वर्षं गेली.

मग आम्ही कमळाकडे वळलो. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या तलावांत ते पूर्वापार वाढतं, विदर्भाचं ऊन त्याला नवं नाही. उलट रोज सहा तास थेट ऊन मिळालं नाही तर ते कळीच धरत नाही. सावलीतल्या गॅलरीसाठी कमळ मागणाऱ्याला आम्ही आजही स्पष्ट नाही म्हणतो. विक्री जाते, पण न फुलणारा टब कुणाच्या घरी ठेवायला आम्हाला आवडत नाही.

लावणी फेब्रुवारी-मार्चमधली. जुना टब उपडा केला की चिखलात केळ्यासारखे फुगलेले कंद एकामागोमाग जोडलेले निघतात. दोन-तीन पेरं आणि शाबूत कोंब असलेला तुकडाच आम्ही लावतो. हा कोंब फार नाजूक असतो आणि तोच मोडला तर कंद बहुधा सडतो, म्हणून हे काम आमच्याकडे घाईत कुणी करत नाही. बिनछिद्राचा पसरट टब, तळाला थोडं पूर्ण कुजलेलं शेणखत, वर आपली शेतातली काळी माती. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अजिबात नको, ते तरंगून वर येतं. कंद आडवा ठेवून कोंब मातीबाहेर राहू द्यायचा आणि वर दोन-तीन बोटं पाणी. पानं पाण्यावर उभी राहू लागली की पाणी वाढवायचं.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पाणी भराभर आटतं, रोज भर घालावी लागते. मात्र कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कमळाला घालू नका. सतत वाफ होऊन त्यात क्षार साचलेले असतात.

डेंग्यूच्या भीतीने लोक साचलेलं पाणी घरात नको म्हणतात आणि ती काळजी रास्तच आहे. म्हणून आम्ही टबासोबत गप्पी मासे देतो. डासांच्या अळ्या ते खाऊन टाकतात. मासे आहेत म्हटल्यावर औषध फवारायचं नाही. पानांवर मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढायचा.

सगळ्यात जास्त फोन येतात ते डिसेंबरात: ‘कमळ मेलं, टब रिकामा करू का?’ मेलेलं नसतं हो! थंडीत पानं पिवळी पडून वाळतात, कंद मात्र चिखलात जिवंत असतो. माती ओली ठेवा, बाकी काही करू नका. ही एक गोष्ट गिऱ्हाइकांना पटवण्यात आमची जितकी शक्ती गेली तितकी कंद वाढवण्यातही गेली नसेल. आता टब देतानाच आम्ही हे मोठ्या अक्षरांत लिहून देतो. ज्यांनी ऐकलं, त्यांच्याकडे दर उन्हाळ्यात कमळं फुलतात. तीच मंडळी फेब्रुवारीत जादा कंद आम्हाला आणून देतात आणि बदल्यात दुसऱ्या रंगाचा कंद घेऊन जातात.