कालनिर्णयवर चोवीस रेस

२२ फेब्रुवारी २०२६, रविवार रात्र

फर्स्ट शिफ्ट करून आले, चहा घेतला आणि स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खिळ्यावरून काढून सरळ ओट्यावर पसरलं. आईला आधीच सांगितलं होतं की तुझ्या दुधाच्या हिशोबाला हात लावणार नाही, फक्त चौकटीच्या कोपऱ्यात लाल पेनने फॉर्म्युला वनच्या यंदाच्या रेसची आपल्याकडची वेळ लिहिणार. ८ मार्च, मेलबर्न, सकाळी साडेनऊ. दोनच आठवडे राहिले.

इतकं पद्धतशीर मी कधी ठरवलं नव्हतं, पण डिसेंबरचं मनातून जातच नाहीये. ७ तारखेला अबू धाबीची शेवटची रेस आपल्या संध्याकाळी साडेसहाला आणि मला नेमकी सेकंड शिफ्ट. आमच्या नाशिकमधल्या अंबडच्या कंपनीला सुट्टी शनिवारची, रविवार कामाचाच, आणि शॉपफ्लोअरवर मोबाईल चालत नाही. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या दाराशी उभं राहून आप्पांना फोन लावला तर ते टीव्हीसमोर एकटेच बसलेले, मला सांगतायत, "अगं, तुझा केशरी गाडीवाला तिसरा चाललाय, तेवढ्यावर भागतंय म्हणे." आणि भागलंच. रेस व्हर्स्टापेनने जिंकली, माझा केशरी गाडीवाला नॉरिस तिसरा आला आणि वर्षभराच्या पॉइंटांत व्हर्स्टापेनपेक्षा दोनने पुढे राहून चॅम्पियन झाला, ४२३ आणि ४२१. मी परत आत जाऊन जॉबच्या बोअरला गेज लावत बसले. आप्पा यंदा चौऱ्याहत्तर पूर्ण करतील. त्यांच्याशेजारी बसून बघायच्या रेस अशा घालवायच्या नाहीत, एवढं तेव्हाच ठरवलं.

आप्पा एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं, त्यातली बरीच कसारा घाटात. रेस बघताना ते फारसं बोलत नाहीत, पण उजवा पाय चालू असतो. गाडी वळणाकडे आली की सतरंजीवर टाच टेकलेली आणि पंजा हळूच दाबला जातो, आणि टीव्हीतल्या गाडीने त्यानंतर ब्रेक मारला की पुटपुटतात, "उशीर केला यानं." डावा हात मांडीवर, मूठ अर्धी वळलेली, गिअरच्या दांड्यावर असावी तशी. मला रेसपेक्षा कधीकधी तेच बघत बसावंसं वाटतं.

यंदा तर गाडीच सगळी नवीन आहे. १.६ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन राहिलंय पण त्याच्या जोडीची इलेक्ट्रिक मोटर १२० किलोवॅटवरून थेट ३५० ची केलीय, म्हणजे जवळजवळ अर्धी ताकद विजेची. ब्रेक मारताना, ॲक्सिलरेटर सोडताना बॅटरी भरून घ्यायची आणि सरळ रस्त्याला खर्च करायची. गाडीचं कमीत कमी वजन साधारण ३० किलोने उतरून ७६८ वर आलं, पुढच्या गाडीच्या जवळ असलेल्यालाच मागचा पंख उघडू देणारं डीआरएस गेलं, आता सरळ रस्त्यावर पुढचे मागचे दोन्ही पंख सगळ्यांनाच उघडता येणार, आणि पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलात तर जास्तीची वीज वापरायची मुभा. बरेच लोक चिडलेत की वळण यायच्या आधीच पाय काढावा लागणार, ही कसली रेस. मेलबर्नला तर जोरात ब्रेक लागेल अशी वळणं कमी, तिथं बॅटरी भरायला जडच जाणार.

हे सगळं आप्पांना जेवताना सांगितलं. ऐकून घेतलं, भाकरी मोडली आणि म्हणाले, "मग बरोबरच आहे की. घाट उतरताना गाडी गिअरात ठेवून इंजिनावर उतरवायची, ब्रेक राखून ठेवायचा, पुढं केव्हा लागेल सांगता येत नाही. दाबून तर कुणीपण धरतं गं, पाय कधी काढायचा ते कळायला वर्षं जातात." महिनाभर मी यावर इतकं वाचलं पण इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आप्पांच्या बाजूने आहे.

तर वेळा. आप्पा रात्री साडेनऊला झोपतात म्हणजे झोपतात. मार्चमधल्या तिन्ही सकाळ-दुपारच्या, मेलबर्न साडेनऊ, शांघाय साडेबारा, सुझुका साडेदहा, म्हणजे त्या आठवड्यांना मला सेकंड शिफ्ट हवी. युरोपातल्या बहुतेक साडेसहाच्या, तेव्हा फर्स्ट. मायामी, मॉन्ट्रियल, ऑस्टिन, मेक्सिको सगळ्या रात्री दीडला, त्या दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून बघायच्या, तोवर ग्रुप म्यूट आणि निकाल कुणी सांगायचा नाही. बाकूची रेस यंदा शनिवारी, २६ सप्टेंबरला, कारण २७ तारीख अझरबैजानचा स्मृतिदिन असतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, आणि शनिवार म्हणजे मला हक्काची सुट्टी, ती चौकट मी दोनदा गिरवली.

लिहिता लिहिता सापडलं की २९ मार्चला, सुझुकाच्या दिवशी, कामदा एकादशी आहे, म्हणजे रामाचा आणि गरुडाचा रथ. सकाळी जपान बघायचं आणि शिफ्ट नाही, सुट्टीच टाकायची, संध्याकाळी आप्पांना घेऊन रथाला. रथाकडे तोंड करून उलट्या पावली चालणारे मानकरी बघताना आप्पा दरवर्षी हात जोडून थांबतात. आणि ८ नोव्हेंबरला ब्राझील, रात्री साडेदहाला, त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. त्या दिवशी तरी जागतील असं वाटतंय.

शिफ्ट इनचार्जशी बोलले. मार्चचं जमेल म्हणाले, पण बदल्यात एप्रिलमध्ये एका मैत्रिणीच्या आठ नाईट मला कराव्या लागणार. चालतंय.

कालनिर्णय परत टांगताना आईने ८ मार्चवर बोट ठेवलं. सिन्नरला मावसबहिणीकडे बारसं, बाराचं, तिने ते कधीच निळ्या पेनने लिहून ठेवलेलं. आम्ही तिघं चौकटीकडे बघत उभे. आप्पांनी चष्मा वर केला, दोन्ही वेळा वाचल्या आणि म्हणाले, "अकराला रेस संपते ना? सव्वाअकराला निघू. आंघोळी, कपडे सगळं आधी उरकून बसायचं."